खंडू पाणाड्याची साक्ष

"त्र्याण्णव टक्के," डॉ. तडवी म्हणाले आणि त्यांनी अहवाल टेबलावर ठेवला.

जळगावच्या त्या रुग्णालयात नीती समितीच्या बैठका पहिल्या मजल्यावरच्या एका लांबट खोलीत होत. टेबलाच्या एका बाजूला समितीचे पाच सभासद बसले होते. दुसऱ्या बाजूला दोघीच होत्या, योगिता नारखेडे आणि तिची चोवीस वर्षांची मुलगी आर्वी.

"कशाचे त्र्याण्णव टक्के?" योगिताने विचारलं. भुसावळच्या शाळेत ती पंचवीस वर्षं गणित शिकवत होती. आकडा सांगितला आणि कशाचा ते सांगितलं नाही, की ती पोराला बाकावरून उठवत असे.

"ललितरावांना आज बोलता आलं असतं, तर त्यांनी ऑपरेशन नको म्हटलं असतं आणि श्वासाचं यंत्र काढायला सांगितलं असतं, याची शक्यता. त्यांच्या खेळातल्या निर्णयांवरून काढली आहे."

"म्हणजे तुम्ही त्या गेमला विचारलंत?"

"मी अर्ज केला होता, मम्मी," आर्वी म्हणाली. तिने आईकडे पाहिलं नाही. "खात्यावर पप्पांनी वारस म्हणून माझं नाव लावलंय."

चार महिन्यांपूर्वी, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, योगिताचा नवरा ललित खंडव्याहून मालगाडी घेऊन भुसावळला आला, घरी येऊन बूट काढायला वाकला आणि तसाच कलंडला. मेंदूच्या देठाशी रक्तस्राव झाला होता. जीव वाचला. पण डोळे उघडे असूनही ते कशावर ठरत नव्हते, आणि घशातल्या नळीतून यंत्र श्वास पुरवत होतं. स्कॅनरमध्ये ठेवून त्याला चार वेळा सांगून पाहिलं, "तुम्ही इंजिनात बसलाय अशी कल्पना करा." ऐकू जाऊन समजलं असतं तर मेंदूत जी खूण उमटायला हवी, ती एकदाही उमटली नाही.

आता दोन वाटा उरल्या होत्या. पहिली ऑपरेशनची. मेंदूच्या मध्यभागी, जिथून जागेपण सांभाळलं जातं तिथे, दोन बारीक तारा बसवायच्या आणि त्यातून विजेचे सूक्ष्म ठोके देत राहायचं. बारांतला एखादा रुग्ण त्यामुळे नजरेने होय-नाही सांगण्याइतका सुधारत असे. बाकीचे अकरा होते तसेच राहत, पण दीर्घकाळ, दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं. दुसरी वाट म्हणजे यंत्र काढायचं, वेदना होऊ द्यायच्या नाहीत आणि शरीराला त्याच्या गतीने जाऊ द्यायचं.

योगिताने दोन्हींसाठी मुदत मागितली होती. आर्वीने ती मुदत वापरून अर्ज केला होता.

ललित ज्या खेळात रमला होता त्याचं नाव 'अनवट'. योगिताने तो कधी खेळून पाहिला नव्हता. तिला माहीत होता तो फक्त नवऱ्याच्या डोळ्यांवरचा खेळाचा चष्मा आणि घरात असूनही नसलेला त्याचा रोजचा एक तास.

पूर्वीच्या खेळांत पात्राला काही विचारलं की खाली तीन-चार उत्तरं दिसत आणि त्यांतलं एक निवडायचं असे. ती सगळी उत्तरं कुणीतरी आधीच लिहून ठेवलेली असत, आणि कुठल्याही वाटेने गेलं तरी माणूस लेखकाने ठरवलेल्या चार-पाच शेवटांपैकी एकाशी पोचे. 'अनवट'मध्ये लिहून ठेवलेलं काहीच नव्हतं. सात खोऱ्यांचा एक मुलूख होता, त्यात दुष्काळ होते, लढाया होत्या, बाजार होते आणि हजारो माणसं होती. प्रत्येकाला स्वतःची आठवण होती, स्वतःचे रुसवे होते. खेळाडूने आपल्या भाषेत वाटेल ते बोलावं, वाटेल तिथे जावं. ज्याला फसवलं तो दहा वर्षांनी भेटला तरी ओळखत असे. जो मेला तो मेला, पुन्हा येत नसे.

एवढं स्वातंत्र्य द्यायचं तर खेळाला खेळाडू फार जवळून ओळखावा लागतो. म्हणून त्याचा प्रत्येक निर्णय नोंदला जाई, आणि निर्णयाआधी तो किती थांबला, कुणाच्या चेहऱ्याकडे दोनदा पाहिलं, कोणती वाट धरून सोडून दिली, तेही. अशा लाख-दोन लाख नोंदी साठल्या की त्यातून माणसाची एक प्रतिमा तयार होते, कशापुढे तो काय सोडतो याची. संशोधकांनी ती तपासून पाहिली. धडधाकट माणसांना विचारलं, तुम्ही असे निपचित पडलात तर तुमचं काय करावं? मग तोच प्रश्न त्यांच्या जोडीदारांना विचारला, हे काय म्हणतील? जोडीदार तिनांत दोनदा बरोबर निघाले. निवड-प्रतिमा दहांत नऊ वेळा बरोबर निघाली. तेव्हापासून नीती समित्या तिला साक्ष म्हणून मान देऊ लागल्या होत्या. सक्ती नव्हती. पण त्र्याण्णव टक्क्यांसमोर उभं राहून नाही म्हणणं सोपं नव्हतं.

बैठकीनंतर दोघी जिन्याजवळच्या बाकावर बसल्या.

"पप्पांनी सांगितलंय," आर्वी म्हणाली. "आपण फक्त ऐकायचं."

"पप्पांनी नाही, त्या बाहुल्याने. काय नाव त्याचं?"

"खंडू. आणि बाहुला नाही तो. पाणाड्या आहे. गावोगाव फिरून विहिरीला पाणी कुठे लागेल ते सांगतो. मी लहान असताना पप्पा मला सोबत घेऊन खेळायचे. खंडू म्हणजे पप्पाच, मम्मी."

"ज्या माणसाने घरात आज भाजी कुठली करायची तेसुद्धा कधी सांगितलं नाही..."

"त्यांना कधी कुणी विचारलं?"

बोलल्यावर आर्वीला स्वतःलाच लागलं असावं, कारण तिने पाण्याची बाटली उघडली आणि न पिता बंद केली.

"रोज बारा वेळा घशात नळी घालून कफ काढतात त्यांचा," ती हळू आवाजात म्हणाली. "मी बघते. तू त्या वेळी बाहेर जातेस."

ते खरं होतं.

कंपनीचं कार्यालय पुण्यात होतं. प्रतिमा ज्या नोंदींवर उभी आहे त्या पाहण्याचा हक्क जवळच्या नातेवाइकांना असतो, असं अहवालाच्या शेवटच्या पानावर छापलं होतं. आर्वीने ते वाचलं नव्हतं. योगिताने वाचलं, शाळेतून रजा घेतली आणि ती एकटीच गेली.

अहवालावर सही करणारी अन्विता कुलथे पस्तिशीची होती. तिने योगिताला एका छोट्या खोलीत बसवलं. समोरच्या भिंतीवर उघडं माळरान दिसू लागलं, आणि पाठमोरा एक माणूस, खांद्यावर घोंगडी, हातात उंबराची बेळकी, पाणी शोधायची दुहेरी फाट्याची काठी.

"आवाज त्यांचाच आहे," अन्विताने आधीच सांगितलं. "तयार आहात ना?"

योगिताने मान हलवली. पण तयारी असून उपयोग झाला नाही. माळरानावरचा माणूस एका शेळीवाल्याला म्हणाला, "अरे, एवढ्या पैशात तर शेळीबरोबर तुझी सासूपण येईल," आणि मोठ्याने हसला. चार महिन्यांत पहिल्यांदा तिला नवऱ्याचा आवाज ऐकू आला, आणि तसा हसताना तर कित्येक वर्षांनी. तिने पदर तोंडाला लावला. अन्विता बाहेर जाऊन चहा घेऊन आली आणि घाई न करता पुन्हा बसली.

दुपारपर्यंत योगिताने खंडूला भांडताना पाहिलं, खोटं बोलताना पाहिलं, एका जत्रेत नाचताना पाहिलं. ललित जी गाडी चालवत असे ती अलीकडे स्वतःच चालत होती. संगणक वेग ठरवी, संगणक थांबवी, आणि याने आठ तास समोर पाहत बसायचं, काही बिघडलं तरच हात लावायचा. इथे तो ज्या वाटेला लागे ती त्याची असे.

"ही पात्राची माहिती," अन्विता म्हणाली आणि तिने एक पान उघडलं.

नाव खंडू. धंदा पाणाड्या. वय चाळीस. वैवाहिक स्थिती, विधुर.

योगिताने ती ओळ दोनदा वाचली.

"हे त्यांनी स्वतः लिहिलं?"

"हो." अन्विताचा आवाज उतरला. "लोक काहीही लिहितात, मॅडम. खेळच आहे तो."

"रोज एक तास," योगिता म्हणाली. "आणि त्या तासात मी मेलेली होते."

तिने पर्स उचलली. एवढं पुरे झालं होतं. नवऱ्याला जगात कसंही वागायची मोकळीक मिळाली, आणि त्याने सगळ्यांत आधी हे केलं. दाराशी पोचली तेव्हा अन्विता मागून म्हणाली, "थांबा. हे सुरुवातीपासून नाहीये. पहिली पाच वर्षं इथे 'विवाहित' आहे."

तिने जुनी एक नोंद लावली. धर्मशाळेतला मालक खंडूला जेवणानंतर आणखी एक रात्र राहण्याचा आग्रह करत होता. खंडू म्हणाला, "नको बाबा. घरी बायको आहे, गणिताची मास्तरीण. दिवसांचा हिशेब चुकला तर उभं करील."

योगिता परत खुर्चीत बसली. "कधी बदललं मग?"

"सतरा ऑगस्ट. सहा वर्षांपूर्वी."

योगिताने ती तारीख मनात धरली. एकोणीस ऑगस्टला नाशिकला तिच्या स्तनातली गाठ काढली होती. त्याच्या आधीचे पंधरा दिवस तपासण्यांसाठी ती आर्वीला घेऊन नाशिकला बहिणीकडे होती आणि ललित ड्यूटीवर. रोज फोन करून तो एवढंच म्हणे, "काही होत नाही गं. डॉक्टर म्हणाले ना." ऑपरेशनच्या दिवशी आला तेव्हा डब्यात काय आणलंय ते सांगत बसला. याला काही वाटतच नाही, अशी तिची तेव्हा खात्री झाली होती. ती खात्री तिने सहा वर्षं सांभाळली होती.

"त्या आधीचे दिवस दाखवा," ती म्हणाली.

अन्विताने पाहून ठेवलेलंच होतं. "तुमच्या अहवालातला आकडा मुख्यतः चौदा प्रसंगांवर उभा आहे. असाध्य जखमी, असाध्य आजारी माणूस समोर आला आणि निर्णय खंडूच्या हाती होता, असे चौदा. तेरा वेळा त्यांनी वैदूचा विषारी पाला देऊन त्या माणसाला सोडवलं. फार थांबलेही नाहीत. हा एक प्रसंग वेगळा पडला, म्हणून आम्ही अपवाद धरला."

भिंतीवर एक झोपडी दिसू लागली. आत राई नावाची कुंभारीण तापाने फणफणत पडली होती. वैदू म्हणाला, "आता आपल्या हातात काही नाही. पाला दे, सुटेल बिचारी."

"नाही," ललितचा आवाज आला. "अजून बघू."

खंडू झोपडीत बसून राहिला. ललित दुसऱ्या दिवशी आला, तासभर बसला, निघून गेला. तिसऱ्या दिवशी आला. बाहेरून माणसं येऊन बोलावत होती, खोऱ्यात लढाई पेटली होती, विहिरी आटल्या होत्या. तो उठला नाही. नऊ दिवस रोज एक तास तो एका खोट्या बाईच्या कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवत होता. दहाव्या दिवशी ती मेली. खेळातल्या तापाने आपला काळ पुरा केला होता.

त्यानंतर लगेच ललितने माहितीचं पान उघडलं होतं आणि एक शब्द बदलला होता.

"आणि हे पुढच्या आठवड्यातलं," अन्विता म्हणाली.

खंडू एका धनगराजवळ बसला होता. "बायको गेल्यावर माणूस सकाळी उठतो कशासाठी?" त्याने विचारलं. धनगराने विचार करून सांगितलं, "मेंढरं सोडायची असतात." खंडूने मान डोलावली. पुढचे चार महिने त्याने पाणी शोधलं नाही की कुठे फिरला नाही. रोज सकाळी धनगराची मेंढरं सोडी, संध्याकाळी परत आणी. खेळात सर्वांत कंटाळवाणं जे काही होतं ते तो तासभर करून जाई.

डिसेंबरच्या अकरा तारखेला योगिताचे सगळे रिपोर्ट स्वच्छ आले. त्या दिवशीची नोंद लहान होती. ललितने पान उघडून 'विधुर' हा शब्द खोडायचा प्रयत्न केला होता. खेळाने नकार दिला. मेलेलं माणूस त्या मुलखात परत येत नसे. त्याने आणखी दोनदा प्रयत्न केला. मग ललितचा आवाज आला, कुणाशी न बोलता, स्वतःशीच.

"जाऊ दे. खऱ्यात आहे ना."

भिंतीवर आता काही नव्हतं. योगिताने चष्मा पुसला आणि तिच्या आवाजात वर्गातला सूर आला.

"तेरा परके होते, त्यांना यांनी सोडवलं. चौदावी मी होते, मला सोडवलं नाही. स्वतःबद्दल यांना किती वेळा विचारलंत?"

"खेळात खंडू अनेकदा मेलाय. सेहेचाळीस वेळा."

"मग काय होतं?"

"मागच्या मुक्कामावर परत उठतो." अन्विता बोलता बोलता थांबली. "इतर मेले की मेले. खेळाडू परत उठतो."

"म्हणजे आपलं स्वतःचं काय करायचं, हा प्रश्न त्यांच्यापुढे कधी आलाच नाही. ते नेहमी उभे. पडलेलं दुसरं कुणीतरी."

अन्विताने अहवाल पुढे ओढला. "प्रतिमा असं गृहीत धरते की दुसऱ्यासाठी निवडलं तेच माणूस स्वतःसाठी निवडतो. बहुतेकांच्या बाबतीत ते जुळतं."

"मी मुलांना सांगते, न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बरोबर आलं तरी गुण मिळत नाहीत."

चार दिवसांनी अन्विता कुलथेचं पत्र समितीकडे आलं. या रुग्णाच्या बाबतीत अहवाल साक्ष म्हणून वापरू नये, असं तिने स्वतःच्या सहीने लिहिलं होतं. तिला त्याबद्दल कार्यालयात काय ऐकून घ्यावं लागलं, ते योगिताला कधी कळलं नाही.

समितीने अहवाल बाजूला ठेवला. डॉ. तडवींनी योगिताला आपल्या खोलीत बोलावलं. पन्नास वर्षं माणसं पाहून त्यांच्या बोलण्याला एक मऊपणा आला होता.

"तुम्ही जिंकलात, ताई," ते म्हणाले. "आता सांगा, काय करायचं?"

बाहेर येईपर्यंत तिच्या लक्षात आलं की या प्रश्नासाठी तिने काहीच तयारी केली नव्हती. इतके दिवस ती एका आकड्याशी भांडत होती. आता आकडा नव्हता. ललितला काय हवं होतं ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि जे करायचं ते तिलाच ठरवायचं होतं.

आर्वी तीन दिवस तिच्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी योगिताने पुण्याहून मागवून घेतलेली मेंढरांची नोंद तिला दाखवली. ती पाहून आर्वी पप्पांच्या खाटेपाशी जाऊन बसली आणि कपाळ त्यांच्या दंडावर टेकवून रडली. "मला वाटायचं ते कंटाळलेत म्हणून मेंढरं राखतात," ती म्हणाली. "मी त्यांना चिडवलं होतं."

योगिता आता कफ काढायच्या वेळी बाहेर जात नव्हती. नळी आत गेली की ललितचा चेहरा आवळला जाई, पाय ताणले जात. ती प्रतिक्षिप्त क्रिया आहे, त्यामागे जाणीव असेलच असं नाही, असं नर्स सांगे. असेलच असं नाही, म्हणजे नसेलच असंही नाही. दिवसातून बारा वेळा योगिता हे वाक्य मनात सोडवत बसे आणि ते सुटत नसे.

डॉक्टरांच्या ओळखीने ती पाचोऱ्याला एका घरी जाऊन आली. तिथल्या गृहस्थांच्या मेंदूत सहा वर्षांपूर्वी तारा बसवल्या होत्या. बारांतले एक भाग्यवान ते निघाले होते. त्यांच्या बायकोने खुर्ची खिडकीपाशी वळवून विचारलं, "बातम्या लावू का?" त्यांनी नजर वर नेली. "हो म्हणाले," ती कौतुकाने म्हणाली. तिने त्यांच्या केसांना तेल लावलं होतं, शर्टाची इस्त्री कडक होती. योगिताने त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. तिथे एक माणूस होता. तो सुखात आहे की नाही, हे तिला ओळखता आलं नाही.

"तुम्हाला कधी वाटलं का..." तिने निघताना विचारायला सुरुवात केली.

"रोज वाटतं," ती बाई म्हणाली. "पण ते आहेत. मला आहेत हेच पुरतं."

ती बाई चुकलेली नव्हती. म्हणून तर परतीच्या वाटेवर योगिताला जास्तच जड गेलं. कुणी चुकलेलं असतं तर दुसरं बरोबर ठरलं असतं.

ऑगस्टअखेरीस ललितला तिसऱ्यांदा न्यूमोनिया झाला. तो उतरल्यावर योगिताने आर्वीला रुग्णालयाच्या आवारातल्या कडुनिंबाखाली नेलं आणि सांगितलं, "मी यंत्र काढायला सांगणार आहे."

आर्वी तिच्याकडे पाहतच राहिली. "मग एवढं भांडलीस कशाला? मी तेच तर म्हणत होते."

"तू म्हणत होतीस, पप्पांनी सांगितलंय म्हणून करू. पप्पांनी काही सांगितलेलं नाही, आर्वी. उद्या तुला वाटलं की चुकलं, तर तू म्हणशील त्यांचीच इच्छा होती. मीही तेच म्हणून झोपून जाईन. सगळा जन्म या माणसाने सिग्नल पाहून गाडी थांबवली, सिग्नल पाहून सोडली. हे तरी त्यांच्या नावावर नको."

"मग कुणाच्या?"

"माझ्या. रोज बारा वेळा त्यांचं तोंड आवळलेलं मला बघवत नाही. पंधरा वर्षं तर नाहीच. दुसरी एखादी बाई बघू शकते, मी बघून आले. मी नाही बघू शकत. एवढंच कारण आहे, आणि ते माझं आहे."

संमतिपत्रावर छापलेलं होतं, 'रुग्णाच्या इच्छेचा आदर राखून मी ही संमती देत आहे.' योगिताने पेन घेऊन पहिले चार शब्द खोडले आणि वर लिहिलं, 'माझ्या निर्णयाने'.

डॉ. तडवी म्हणाले, "कायद्याला चालेल. पण ताई, ते वाक्य आम्ही घरच्यांसाठीच ठेवलंय. पुढे आधार होतो त्याचा."

"माहीत आहे मला," योगिता म्हणाली आणि सही केली.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता नळी काढली. वेदना जाणवू नयेत म्हणून औषध आधीच सुरू केलं होतं. सगळ्यांना वाटलं होतं की तासाभरात संपेल. पण ललित स्वतःच्या बळावर श्वास घेत राहिला, उथळ, अडखळत, पण घेत राहिला. दुपार झाली, संध्याकाळ झाली. बुधवार उजाडला.

डॉ. तडवी सकाळच्या फेरीला आले. तिला बाजूला घेऊन ते म्हणाले, "एक सांगणं माझं काम आहे. तुमचं मन बदललं तर अजूनही नळी परत घालता येईल. केव्हाही सांगा."

योगिताने ललितच्या कपाळावरचा घाम टिपला. तिला वाटलं होतं, सही केली की ठरवणं संपतं. आता तिला प्रत्येक तासाला नव्याने ठरवावं लागत होतं. श्वास लांबला की ती खुर्चीतून अर्धवट उठे, दाराकडे पाही, नर्सला हाक मारायला तोंड उघडे. मग पुढचा श्वास येई आणि ती परत बसे. आर्वी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसून हे पाहत होती. ती एकदाही 'बोलव' म्हणाली नाही आणि 'नको बोलवू' असंही म्हणाली नाही.

"अहो," योगिता एकदा त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "मला कळलं नव्हतं तेव्हा. तुम्ही किती घाबरला होतात ते." त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. तो आवळलाही नाही.

दुपारी तीनच्या सुमाराला दोन श्वासांमधलं अंतर फार वाढलं. योगिता उठून उभी राहिली. दार चार पावलांवर होतं. ती तशीच उभी राहिली, आणि पुढचा श्वास आला नाही.

नर्स येऊन गेली, डॉक्टर येऊन वेळ लिहून गेले. खोलीत पुन्हा तिघंच उरली.

"मम्मी," आर्वीने विचारलं, "बरोबर केलं ना आपण?"

"आपण नाही. मी केलं," योगिता म्हणाली. "बरोबर केलं का, ते मला माहीत नाही. कधी कळेल असंही वाटत नाही."

आर्वी पलंगाला वळसा घालून आईच्या बाजूला आली आणि तिचा हात धरला.

"मीही इथेच होते," ती म्हणाली. "मला हाक मारता आली असती. मी मारली नाही."

योगिताने तिला जवळ ओढलं. थोड्या वेळाने दोघींनी मिळून ललितचे हात सरळ केले, चादर नीट केली, आणि आर्वी आत्याला फोन करायला बाहेर गेली.